सांडपाण्याचे विरजण

मिरकरवाड्यात आम्हाला बर्फाची किंमत कुणी सांगायला नको. बर्फ कमी पडला की मासळी नरम पडते, कारण उकाड्यात जिवाणू भराभर वाढतात. मासळी नासवतात ते जिवाणू, आणि घाण पाणी साफ करतात तेही जिवाणूच. आज त्या दुसऱ्या कामाची गोष्ट.

१८९७ च्या सुमारास मुंबईत, माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस तयार केला गेला. आपल्या गोबरगॅसमध्ये होते तेच. बंद टाकीत जिवाणू मैला खातात नि गॅस सोडतात.

मोठा बदल झाला १९१४ साली, इंग्लंडमधल्या मँचेस्टरला. आर्डेन आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडली. पाणी साफ व्हायला पहिल्या खेपेला पाच आठवडे लागले. तळाचा गाळ मात्र त्यांनी फेकला नाही. त्यातच नवे सांडपाणी ओतले, पुन्हा हवा सोडली. दर खेपेला वेळ कमी होत गेला आणि शेवटी काम तासांवर आले. बायांनो, हे तर विरजण! कालचे चमचाभर दही जपून ठेवायचे, हे आपल्याला कुणी शिकवले? त्यांना वाट दाखवणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या विज्ञान संस्थेत आले. आपल्या नागपुरात १९५८ मध्ये याच कामाची संस्था निघाली, तीच आजची नीरी.

पण त्या गाळात राहते कोण? पूर्वी नमुना बशीत वाढवून बघत, आणि बहुतेक जिवाणू बशीत वाढतच नाहीत. आता टाकीतला गाळ निर्जंतुक बाटलीत घेऊन लगेच बर्फात ठेवतात. नाहीतर वाटेतच काही वाढतात, काही मरतात आणि गणती चुकते. मग त्यांचा डीएनए वाचतात. २०१९ मध्ये २३ देशांतल्या २६९ केंद्रांच्या सुमारे १,२०० नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जगभरच्या गाळात जिवाणूंचे शंभर कोटींच्या आसपास प्रकार असावेत, असा त्यात अंदाज आहे. सगळीकडे जम बसवलेले प्रकार मात्र २८ च निघाले.

कारखान्याच्या पाण्याचे जिवाणू वेगळे असतात. तिथे रसायने पचवणारेच टिकतात, आणि एखाद्या दिवशी जास्त विषारी पाणी आले तर तेही मरतात. आपल्या जिल्ह्यात लोटे वसाहतीचे सांडपाणी सामूहिक केंद्रातून दाभोळ खाडीकडे जाते. खाडीतले मच्छीमार मासे मरण्याची तक्रार वर्षानुवर्षे करत आले आहेत. अशा वेळी गाळाचा नमुना म्हणजे साक्षीदारच. टाकीतले कामकरी जिवंत आहेत की नाहीत, ते त्यातून कळते.

आमच्या मासळी धुतलेल्या पाण्यात रक्त, तेल आणि समुद्राचे मीठ असते. गोड्या पाण्यातले जिवाणू एकदम मिठात पडले, की खारवलेल्या मासळीसारखे आतले पाणी सोडतात. त्यांना हळूहळू खाऱ्याची सवय लावावी लागते. बंदरावर केंद्राची गोष्ट निघाली, तर आम्ही पहिल्यांदा हेच विचारणार आहोत की विरजण कुठून आणणार?