शब्दवेध : स्टेशन

पनवेलहून कोकणाकडे निघालेली गाडी पेण घेते आणि रोह्याला पोहोचते. इथे मध्य रेल्वेची हद्द संपून कोकण रेल्वे सुरू होते. पेण आणि रोहा, दोन्ही गावांतली माणसं 'स्टेशन' म्हणतात ते रेल्वेचंच. एसटीचा मात्र 'स्टँड'. पाटीवर 'बसस्थानक' असलं तरी!

इंग्रजीत हा शब्द फार ऐसपैस. पोलिसांचं, आगीच्या बंबाचं, रेडिओचं, सगळंच स्टेशन. ऑस्ट्रेलियात तर मेंढ्यांचं विस्तीर्ण कुरणसुद्धा स्टेशनच. मराठीनं मात्र वाटण्या करून दिल्या: रेल्वेला स्थानक, पोलिसांना ठाणं, रेडिओला आणि बंबाला केंद्र, माथेरानसारख्या 'हिल स्टेशन'ला थंड हवेचं ठिकाण.

गंमत मुळाशी आहे. लॅटिन 'स्तारे' म्हणजे उभं राहणं; त्यातून स्टेशन आलं आणि स्टँडही त्याच कुळातला. संस्कृत 'स्था' हा त्यांचा सख्खा नातलग. त्यातून स्थान, स्थानक आणि प्राकृताच्या वाटेनं ठाणं. म्हणजे 'स्टेशन'ला 'स्थानक' म्हटलं, तेव्हा शब्द परका झालाच नाही, फक्त चुलतघरी गेला. त्याच धातूचं 'तिष्ठ' हे रूपही मराठीनं जपलंय. गाडी उशिरा आली की आपण स्थानकावर तिष्ठत राहतो ते व्युत्पत्तीला धरूनच!