रक्तस्कंदन व बिंबाणुपरीक्षा

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील शोणितवर्णनीय नांवाच्या चौदाव्या अध्यायांत वाहतें रक्त थांबविण्याचे चार उपाय सांगितले आहेत : संधान, स्कंदन, पाचन व दहन. तुरट द्रव्यानें व्रण सांधावा, शीत उपचारानें रक्त घट्ट करावें, भस्मानें पाचन करावें आणि दाहानें शिरा आकुंचित कराव्या, असा त्यांचा आशय आहे. निर्णयसागर छापखान्यानें काढलेल्या यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्या आवृत्तींत हें प्रकरण डल्हणाच्या टीकेसह वाचावयास मिळतें. 'स्कंदन' हा शब्द पाहून प्राचीनांस रक्तांतील बिंबाणू, म्हणजे लोक ज्यांस प्लेटलेट म्हणतात ते, ठाऊक होते असें म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. हा शब्द क्रियेचा वाचक आहे, कणाचा नव्हे. सुश्रुताचें श्रेय त्याच्या निरीक्षणांत आहे. त्यास सूक्ष्मदर्शकाची उसनी जोड देण्याचें कारण नाहीं.

बिंबाणूंचा इतिहास बराच अलीकडचा आहे. इ. स. १८८२ (शके १८०४) मध्यें इटलींतील तुरिन येथें बिझोझेरो यानें ते वाहत्या रक्तांत पाहिले व जखमेच्या जागीं ते एकमेकांस चिकटतात हें दाखविलें. १९१० त ड्यूक यानें कानाच्या पाळीस टोचून, निघणारें रक्त टिपकागदानें टिपीत, तें किती वेळांत थांबतें हें मोजण्याची रीत घातली. १९६२ त गुस्ताव बॉर्न यानें खरें मापनयंत्र सिद्ध केलें. याचे वडील, पदार्थविज्ञानवेत्ते मॅक्स बॉर्न, १९३५-३६ च्या सुमारास बंगळूर येथें अध्यापनास होते.

बॉर्नच्या यंत्राची युक्ति सुबोध आहे. सायट्रेट घातलेलें रक्त हलकेंच फिरवून बिंबाणूंनीं भरलेला गढूळ द्रव वेगळा करितात. त्यांत उत्तेजक द्रव्य टाकिलें कीं बिंबाणू गोळा होतात, द्रव निवळतो व त्यांतून अधिक प्रकाश पार जातो. तो प्रकाश मोजला म्हणजे बिंबाणूंची चिकटण्याची शक्ति कळते. मुंबईस परळ येथें के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांतील रक्तविषयक राष्ट्रीय संशोधनसंस्थेंत जन्मजात रक्तस्रावाच्या विकारांचें निदान करितांना हीच रीत उपयोगी पडते.

जो बिंबाणू जखम बुजवितो तोच हृदयाची रोहिणी बुजवितो, ही या प्रकरणांतील अडचण होय. १९७१ त जॉन वेन यानें ॲस्पिरिनच्या क्रियेचें मर्म उलगडलें. ॲस्पिरिन बिंबाणूंतील एक किण्व कायमचें निकामी करितें; बिंबाणूस केंद्रक नसल्यानें तें त्यास नवें करितां येत नाहीं, व त्याच्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यभर हा परिणाम टिकतो. १९८८ त प्रसिद्ध झालेल्या १७,१८७ रुग्णांच्या चांचणींत हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या पांच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यु ॲस्पिरिननें सुमारें २३ टक्क्यांनीं घटले.

पुढें क्लोपिडोग्रेल आलें. हें औषध यकृतांत रूपांतर पावल्यावरच कार्य करितें, व कांहींच्या शरीरांत जन्मतःच हें रूपांतर मंद असतें. दक्षिण आशियांतील लोकांत हा भेद बराच आढळतो. तेव्हां प्रत्येकाचे बिंबाणू तपासून मात्रा ठरवावी, हा तर्क स्वाभाविक होता. परंतु २०११ त २,२१४ रुग्णांवर केलेल्या चांचणींत, ज्यांचे बिंबाणू औषधास दाद देत नव्हते त्यांस दुप्पट मात्रा दिली असतांही, सहा महिन्यांतील अनिष्ट घटना दोन्ही गटांत सारख्याच, २.३ टक्के, झाल्या. २०१२ तील २,४४० रुग्णांच्या दुसऱ्या चांचणींतही परीक्षेवर बेतलेल्या उपचारानें अधिक लाभ दिसला नाहीं. म्हणून आज सरसकट सर्वांची परीक्षा करीत नाहींत. शस्त्रक्रियेपूर्वीं औषधाचा प्रभाव ओसरला कीं नाहीं हें पाहण्यासारख्या निवडक प्रसंगीं ती उपयोगीं पडते.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस हा निर्णय अपरिचित वाटूं नये. एका पोथींतील एकच पाठ, कितीही स्पष्ट असला तरी, इतर पोथ्यांशीं ताडल्यावांचून आपण ग्राह्य मानीत नाहीं. परीक्षेचा अंक हा असाच एक पाठ होय. रोग्याचें पुढें काय झालें, ही दुसरी पोथी.

माले हें आमचें गांव पौडाहून ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. या परीक्षेचें रक्त बर्फांत ठेवून चालत नाहीं व तें सुमारें चार तासांच्या आंत तपासावें लागतें. यास्तव येथील रोग्यानें परीक्षेसाठीं स्वतःच पुण्यास जाणें बरें. तेथें अंक प्रतिकूल आल्यास पहिला प्रश्न, गोळी रोज घेतली काय, हाच असावा. रोहिणींत जाळी बसविलेल्या रोग्यानें, बरें वाटतें म्हणून वैद्यास न विचारतां गोळी सोडिली, तर जाळी गोठून प्राणावर बेततें. सुश्रुताचे चारही उपाय रक्त थांबविण्याचे होते. तें वाहतें ठेवण्याचें काम आज या लहानशा गोळीकडे आलें आहे, आणि तिची परीक्षा यंत्राइतकीच तिच्या नित्य सेवनानें होते.