कान्हेरीची स्तूपवीथी आणि आदरार्थी बहुवचन

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वाटाड्याबरोबर कान्हेरी लेण्यांची फेरी करणारा प्रेक्षकसमूह बहुधा तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहापाशी रेंगाळतो आणि तेथूनच माघारी वळतो. जे ८७ व्या क्रमांकाच्या जागेपर्यंत जातात, त्यांना पुढे झुकलेल्या कड्याच्या आडोशाला विटांच्या लहान स्तूपांचे पाये दिसतात. ही कान्हेरीच्या भिक्षूंची स्मशानभूमी होय. अधिक नेमके बोलायचे तर, दहनानंतरच्या अवशेषांसाठी उभारलेल्या स्मारकांची वीथी.

तिचे हे स्वरूप एकोणिसाव्या शतकातील संशोधकांनीही ताडले होते. परंतु तेथील मृतांना नावे मिळाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, शोभना गोखले यांनी तेथील छोटे लेख उजेडात आणल्यावर. पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमाराच्या या लेखांत स्थविरांचे नाव येते आणि त्याला ‘अर्हत्’ यासारखी पदवी जोडलेली असते. भूगर्भातील राखेपेक्षा या दोन-चार शब्दांनीच त्या व्यक्ती अधिक ओळखीच्या होतात.

अशा लेखांचे व्याकरण पाहण्यास लोणावळ्याजवळील भाजे येथील, काही शतके अधिक जुने, उदाहरण सोयीचे आहे. तेथे चौदा स्तूपांचा समूह असून एकावर ‘थेरानं भयंत संघदिनानं’ असे शब्द आहेत. ‘थेरानं’ हे षष्ठीचे बहुवचन. तेवढ्यावरून अनेक थेरांचा हा सामाईक स्तूप, असे कोणी म्हणेल. पण विशेषनामही बहुवचनातच आहे, आणि संघदिन नावाचे अनेक थेर एका स्तूपात एकत्र येणे संभवत नाही. तेव्हा हे बहुवचन संख्येचे नव्हे, आदराचे.

प्राकृतातील या ‘-आनं’ प्रत्ययाचा अवशेष मराठीच्या अनेकवचनी सामान्यरूपातील अनुस्वारात टिकून आहे: ‘थेरांचा’, ‘देवांचा’. रूपाची ही वंशावळ निश्चित आहे. आदरार्थी प्रयोगाची परंपरा मात्र तेवढ्याच आधारावर अखंड मानणे घाईचे ठरेल, कारण असा प्रयोग इतर भारतीय भाषांतही आढळतो. इंग्रजीत भाषांतर करताना हे बहुवचन गळून पडते, किंवा एका थेरांच्या जागी अनेक उभे राहतात. मराठी वाटाड्याने ‘संघदिनांचा स्तूप’ म्हटले की ऐकणाऱ्याला संख्येची शंकाही येत नाही.