पाच उदाहरणांनंतरची सहावी संख्या

वर्गात एखादा नियम सांगताना आपण चार-पाच उदाहरणे देतो. ती जमली की मुले म्हणतात, "झाला नियम सिद्ध!" अशा वेळी आम्हाला ४,२९,४९,६७,२९७ या संख्येची गोष्ट हमखास आठवते.

सतराव्या शतकात फ्रान्समधील तुलूझ येथे पिएर द फर्मा हा न्यायखात्यातील अधिकारी फावल्या वेळात गणित करीत असे. २ चे १, २, ४, ८ आणि १६ वे घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला, की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या येतात. या पाचही मूळ संख्या आहेत. घातांक असाच दुप्पट करीत गेल्यास पुढची प्रत्येक संख्या मूळच येईल, असे फर्माने १६४० साली पत्रातून कळवले. आपल्यापाशी त्याची काटेकोर सिद्धता नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहिले.

सहावी संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. हीच ती वरची दहा अंकी संख्या. ती मूळ असल्याची खात्री नुसत्या भागाकाराने करायची, तर ६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल!

१७२९ मध्ये गोल्डबाखने पत्र लिहून ऑयलरचे लक्ष या विधानाकडे वेधले. १७३२ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ऑयलरने दाखवले की,

६४१ × ६७,००,४१७ = ४,२९,४९,६७,२९७.

एका गुणाकाराने विधान कोसळले. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो, हेही ऑयलरने पुढे सिद्ध केले. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. म्हणजे पाचव्याच भागाकाराला उत्तर मिळते!

वर्गात पडताळा घेणे सोपे आहे. २ चा १६ वा घात ६५,५३६. त्याला ६४१ ने भागल्यास बाकी १५४. ३२ वा घात हा त्याचा वर्ग. म्हणून बाकीचाही वर्ग करू : २३,७१६. त्याला ६४१ ने भागले की बाकी ६४०. तीत १ मिळवला की ६४१, म्हणजे भाग पूर्ण जातो.

पुढे काय झाले? या मालिकेत सहावी मूळ संख्या अद्याप कोणालाही सापडलेली नाही. सहाव्यापासून तेहतिसाव्या संख्येपर्यंत सर्व २८ संख्या संयुक्त ठरल्या आहेत. मग यापुढच्या सगळ्या संयुक्तच, असे म्हणावे का? तशी सिद्धता अजून कोणीही दिलेली नाही. पाच उदाहरणांनी फर्मा फसला. अठ्ठावीस उदाहरणांनी आपण फसू नये. हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा आणि उत्तराची घाई करू नये.