परीक्षापद्धती, विद्यापीठीय (भारतातील)

विद्यार्थ्याने विद्यापीठातील अध्ययनाने काय संपादन केले, हे पडताळण्याची व्यवस्था. भारतात ही व्यवस्था विद्यापीठीय अध्यापनाच्या आधी आली. वुडच्या खलित्यानुसार (१८५४) कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे १८५७ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठांपुढे लंडन विद्यापीठाचा नमुना होता. ते विद्यापीठ त्या काळी परीक्षा घेऊन पदव्या देई; शिकविण्याचे काम महाविद्यालयांचे. मुंबई विद्यापीठाची बी. ए. परीक्षा १८६२ मध्ये प्रथम उत्तीर्ण झालेल्या चौघांत म. गो. रानडे व रा. गो. भांडारकर होते.

शिकविणारा एक व तपासणारा दुसरा, ही विभागणी निःपक्षपातासाठी होती. दूरदूरच्या महाविद्यालयांना एकाच मापाने मोजण्याचा दुसरा सोयीचा मार्गही तेव्हा नव्हता. मात्र त्यामुळे प्रश्नपत्रिका हाच खरा अभ्यासक्रम ठरला आणि पाठांतराला प्रतिष्ठा आली. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांवर अध्यापनाची जबाबदारी टाकली, तरी परीक्षेचे वर्चस्व कमी झाले नाही.

गुण कितपत विश्वसनीय असतात, हा प्रश्न याहून अवघड. डाक्का विद्यापीठाचे पहिले कुलगुरू फिलिप हार्टॉग यांनी इंग्लंडला परतल्यावर ई. सी. ऱ्होड्स यांच्यासह त्याची चाचणी घेतली (१९३५). शालान्त परीक्षेत सारखेच गुण मिळालेल्या इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांनी एकदा व वर्षाहून अधिक काळाने पुन्हा तपासल्या. २१० पैकी ९२ वेळा परीक्षकाने स्वतःचाच निर्णय बदलला. मग एका परीक्षकाने एकदाच दिलेल्या गुणांवर पदवीची श्रेणी ठरविणे कितपत न्याय्य, हा आक्षेप रास्तच म्हणावा लागेल.

विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची, तर ती परीक्षांची, असे राधाकृष्णन आयोगाने (१९४८–४९) म्हटले. विद्यापीठ अनुदान मंडळाने १९७३ मध्ये परीक्षा-सुधारणेचा आराखडा मांडला. अंतर्गत मूल्यमापन, सत्रपद्धती व श्रेणी यांचा पुढे हळूहळू स्वीकार झाला. तथापि अंतर्गत गुण वशिल्याने वा सढळ हाताने दिले जातात, अशी तक्रार होऊ लागली. ज्या अविश्वासातून १८५७ ची विभागणी आली, तोच येथे पुन्हा आडवा आला.

वॉशिंग्टन करारात भारताला २०१४ मध्ये पूर्ण सदस्यत्व मिळाल्यानंतर अभियांत्रिकीच्या अधिस्वीकृतीत विद्यार्थ्याला काय करता येते, यावर भर आला; पुढे इतर विद्याशाखांतही ‘अध्ययननिष्पत्ती’ नमूद होऊ लागली. प्रत्येक प्रश्न कोणत्या निष्पत्तीशी निगडित आहे, याचे तक्ते आता महाविद्यालये भरतात. त्यांतील आकडे मात्र बहुधा त्याच लेखी परीक्षेच्या गुणांवरून काढलेले असतात.