संदर्भग्रंथांतले आपण

ग्रंथालयातील सर्वांत निरुपद्रवी वाटणारा विभाग म्हणजे संदर्भविभाग. कोश, गॅझेटियर, जनगणनेचे अहवाल, जातीजमातींवरील जाडजूड खंड. कादंबरीकार पक्षपाती असू शकतो, संदर्भग्रंथ मात्र केवळ माहिती देतो, अशी समजूत शाळेपासून आपल्या मनात रुजवली जाते. दलित विद्यार्थ्याला ही समजूत फार महाग पडते. तिची तपासणी नागपुरात बसून करणे अधिक उचित, कारण तिचे धागेदोरे याच शहरात आहेत.

१९१६ हे साल ध्यानात घ्या. त्या वर्षी आर. व्ही. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जातीजमातींवरील चार खंडांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. नागपूर ही तेव्हा त्या प्रांताची राजधानी होती. त्याच वर्षी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी नागपुरातच महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या कार्याला प्रारंभ केला. पुढे ते काम पुण्यास गेले. आणि त्याच वर्षी ९ मे रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेवर आपला निबंध वाचला.

रसेल हे १९०१च्या जनगणनेचे या प्रांतातील प्रमुख होते. त्या जनगणनेच्या पाठोपाठ जे जातिवर्णनाचे सरकारी काम सुरू झाले, त्याचे फळ म्हणजे हे चार खंड. माहिती आली ती बहुतांशी तहसीलदार, शिक्षक आणि इतर सुशिक्षितांकडून. महारांवरील नोंद चौथ्या खंडात आहे. हलकी कामे, मजुरी, गावची राखण या ओळखीने ती सुरू होते. सारी नोंद वर्तमानकाळात चालते : ही जात असे करते, असे मानते. जणू काळ तेथे थांबला आहे.

पण नागपुरात काळ थांबलेला नव्हता. मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे १९०७ साली मुलींच्या शिक्षणासाठी शाळा काढत होते. १९१० साली ‘निराश्रित हिंद नागरिक’ आणि १९१३ साली ‘विटाळ विध्वंसक’ ही पत्रे त्यांनी काढली. म्हणजे ज्यांचे वर्णन खंडात छापले जात होते, त्यांच्यातलाच एक माणूस त्याआधीच संपादक झालेला होता. एका बाजूला जातीची नोंद, दुसऱ्या बाजूला माणसाचा लेख. ग्रंथालयाने नोंदीला काचेचे कपाट दिले. लेखाला काय दिले?

मी शिक्षक आहे. शहरातील एका जुन्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांना घेऊन जात असतो. एकदा एका मुलाने त्या चौथ्या खंडातील पहिला परिच्छेद वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला. हे कोणी लिहिले, कोणाला विचारून लिहिले, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, “सर, पुस्तकात आहे ना.” या उत्तरात त्या मुलाचा दोष नाही. पुस्तकाला प्रश्न विचारता येतो, हेच त्याला कोणी शिकवलेले नव्हते.

तो प्रश्न कसा विचारायचा, हे बाबासाहेबांच्या त्या निबंधात दिसते. सेनार, नेसफील्ड, रिस्ले हे त्या काळचे मान्यवर. केतकरांचा जातीच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १९०९ साली निघालेला. या चौघांच्या व्याख्या बाबासाहेब एकेक करून पुढे घेतात, प्रत्येकीत काय टिकते आणि काय गळते ते पाहतात. केतकरांचे श्रेय ते नाकारत नाहीत. पण त्यांच्यापाशी थांबतही नाहीत. जातीच्या आतच विवाह, हे जातीचे मर्म आहे, या निष्कर्षापर्यंत ते स्वतःच्या तर्काने जातात. ग्रंथ त्यांनी फेकला नाही, पूजलाही नाही. त्याची उलटतपासणी केली. रसेलचे खंडही आपण असेच वाचले पाहिजेत. कुळे, आडनावे, विणकामासारखे धंदे यांची उपयुक्त माहिती त्यांत आहे. ती घ्यावी, आणि ती सांगणाऱ्याचे स्थान कोणते होते तेही सोबत लिहावे.

परंतु केवळ उलटतपासणीने भागणार नाही. आपली साक्षही नोंदली गेली पाहिजे. जुलै १९४२मध्ये नागपुरात अखिल भारतीय परिषद भरली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा निर्णय झाला, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची परिषदही झाली. अशा परिषदांचा इतिहास पत्रके, अध्यक्षीय भाषणे आणि ठरावांच्या पातळ पुस्तिकांत असतो. पातळ पुस्तिकेला कणा नसतो, ती फडताळात उभी राहत नाही. म्हणून तिला दाखल क्रमांक मिळत नाही. क्रमांक नाही म्हणून ती सूचीत नाही, सूचीत नाही म्हणून अभ्यासकाच्या लेखी ती घडलीच नाही!

ही कोंडी फोडणारी माणसे आपल्यातूनच पुढे आली. बाबासाहेबांची हस्तलिखिते वर्षानुवर्षे पेट्यांत पडून होती. नागपूरच्या वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने १९७९पासून त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले. एच. एल. कोसारे यांनी १९८४ साली विदर्भातील दलित चळवळीचा इतिहास लिहिला. १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’मध्ये चळवळीतील स्त्रियांच्या तोंडचा वृत्तांत ग्रंथबद्ध केला. ही पुस्तके आज संदर्भग्रंथ आहेत, आणि त्यांची मुळे वस्त्यांतील घरांत आहेत.

त्या घरांत अजून ट्रंका आहेत. त्यांत १९५६च्या दीक्षेची पत्रके असतील, जलशांची बाडे असतील, वर्गणीच्या पावत्या असतील. कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी त्या उघडून पाहाव्यात. प्रत्येक कागदावर तारीख, गाव आणि तो कोणाकडून मिळाला हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहावे. एक प्रत विहाराच्या वाचनालयात ठेवावी, दुसरी सार्वजनिक ग्रंथालयात द्यावी, आणि दाखल नोंदवहीत क्रमांक पडल्याशिवाय तेथून हलू नये. संदर्भग्रंथ घरी नेता येत नाहीत, म्हणून दिवसभर राबणाऱ्यासाठी हा विभाग संध्याकाळी उघडा राहावा, अशी मागणीही केली पाहिजे. पावसाळे वाट पाहत नाहीत आणि वाळवीही पाहत नाही.