वाटाड्याचा खेळ

भातुकली मांडून बसलेल्या मुली घटकाभर खरोखरच गृहिणी होतात, आणि राजाचें सोंग घेतलेला मुलगा खेळ संपेपर्यंत राजाच असतो. अमेरिकेंत १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनीं या बालसुलभ प्रवृत्तीला प्रौढांच्या खेळाचें रूप दिलें. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या त्यांच्या खेळांत एक जण गोष्ट सांगतो. इतर जण योद्धा, मांत्रिक, चोर अशीं सोंगें घेऊन त्या गोष्टींत शिरतात आणि पुढें काय करावयाचें तें स्वतःच ठरवितात. संकटाचा निकाल फांसे देतात.

असा खेळ संगणकावर आला तो मात्र वाटा शोधण्यांत आयुष्य वेंचणाऱ्या एका माणसाच्या हातून. विल क्राउथर हें त्यांचें नांव. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथें एका कंपनींत ते नोकरीस होते. दूरदूरचे संगणक एकमेकांस जोडणारें ‘आर्पानेट’ हें जाळें १९६९ सालीं या कंपनीनें उभें केलें. त्याच्या प्रत्येक नाक्यावर एक लहान यंत्र असे. आलेला निरोप कोणत्या वाटेनें पुढें धाडावा हें तें यंत्र, टपालकचेरींतील कारकुनाप्रमाणें, ठरवी. या यंत्राची आज्ञावली लिहिणाऱ्या मोजक्या मंडळींत क्राउथर होते.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजीं लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांतून स्टॅनफर्ड येथील संशोधनसंस्थेकडे पहिला निरोप निघाला. ‘लॉगिन’ हा शब्द धाडावयाचा होता. ‘एल’ पोंचलें, ‘ओ’ पोंचलें, आणि तिसऱ्या अक्षराला पलीकडचा संगणक बंद पडला! वाट निर्दोष होती. दोष निरोप घेणाऱ्या संगणकाच्या आज्ञावलींत होता. तो दूर होतांच सुमारें तासाभरांत संबंध जुळला. अशा बिघाडाचा शोध घेण्याची रीत एकच आहे. निरोप कोठपर्यंत सुखरूप गेला तें टप्प्याटप्प्यानें पाहत जावें. जेथें माग तुटतो तेथेंच दोष सांपडतो. नाक्यांवरील यंत्रें आपली प्रकृति वेळोवेळीं केंब्रिजला कळवीत. पुढें तर अशी सोय झाली कीं एखाद्याची आज्ञावली नष्ट झाल्यास, शेजारणीकडून विरजण आणावें तसें, तें शेजारच्या यंत्राकडून तिची प्रत मागून घेई.

क्राउथर यांचा दुसरा नाद गुहांचा. पत्नी पॅट यांच्यासह ते केंटकी राज्यांतील मॅमथ गुहेच्या परिसरांत उतरत, मापें घेत, आणि तीं संगणकांत भरून नकाशे काढीत. ९ सप्टेंबर १९७२ रोजीं फ्लिंट रिज आणि मॅमथ या दोन गुहांना जोडणारी वाट एका तुकडीला सांपडली. त्या तुकडींत पॅट होत्या. जगांतील ज्ञात गुहांमध्यें ही आज सर्वांत लांब गणली जाते.

पुढें या दांपत्याचा संसार मोडला. जुन्या मंडळींबरोबरचें गुहांतील भटकणें सुटलें, आणि दोन मुलीही रोजच्या सहवासांत राहिल्या नाहींत. तुटलेला माग जुळविणें हा ज्यांच्या हातचा मळ, त्यांना घरांतला तुटलेला धागा जुळवितां आला नाहीं. मुलींसाठीं त्यांनीं १९७५-७६ च्या सुमारास कचेरींतील संगणकावर ‘ॲडव्हेंचर’ हा खेळ रचला. त्यांत चित्रें नव्हतीं. केवळ शब्दांनीं केलेलें वर्णन होतें. खेळणाऱ्यानें ‘दक्षिणेस जा’, ‘दिवा घे’ अशा अर्थाचे साधे इंग्रजी शब्द द्यावे आणि गुहेनें उत्तर द्यावें. संगणकाचें भय वाटणाऱ्यांनाही खेळतां यावें, हा हेतु. दालनें व भुयारें खऱ्या गुहेंतलीं. खजिना, कुऱ्हाड फेंकणारे ठेंगू आणि जादूचे शब्द मात्र सोंगांच्या खेळाचा वारसा. मुली भेटीस आल्या म्हणजे या गुहेंत रमत.

हा खेळ पुढें त्याच जाळ्यावरून गांवोगांव गेला. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील डॉन वुड्स या विद्यार्थ्याच्या तो दृष्टीस पडला. कर्त्याचें नांव ठाऊक, पत्ता अज्ञात. तेव्हां वुड्स यांनीं जाळ्यांतील एकूणएक संगणकांवर क्राउथर यांच्या नांवें पत्र धाडलें! उत्तर आलें, आज्ञावली मिळाली, आणि १९७७ सालीं वुड्स यांनीं गोष्टींत मोठी भर घातली. १९७८ सालीं इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ यांनीं आरंभिलेल्या आणि रिचर्ड बार्टल यांनीं वाढविलेल्या ‘मड’ या खेळांत तर अनेकांना एकाच वेळीं अशा जगांत उतरतां येऊं लागलें.

क्राउथर यांची मूळ प्रत हरवली असाच समज होता. वुड्स यांच्या जुन्या खात्याच्या राखून ठेवलेल्या नकलेंत ती निघाली. डेनिस जेर्झ या अभ्यासकांनीं ती खऱ्या गुहेशीं ताडून पाहिली आणि आपलें संशोधन २००७ सालीं प्रसिद्ध केलें.

आज घराच्या कोपऱ्यांत लहानसा सर्व्हर ठेवून मित्रांसह असे कथारम्य खेळ खेळणारे पुष्कळ आहेत. भर रात्रीं तो मुका झाला म्हणजे कंदील घेऊन भुयारांत शिरावें तसे ते निघतात, आणि वीज, तार, वाट, आज्ञावली असा एकेक टप्पा चांचपतात. त्यांनीं चरफडूं नये. वाट हरवल्यावांचून ती शोधण्याची विद्या येत नाहीं. आणि एका बापानें तीच विद्या आपल्या मुलींच्या हातीं खेळणें म्हणून दिली होती.